नवीन माणूस महिनाभरही टिकत नाही: दोष पोरांचा की आपला?

दप्तरी
आमचं युनिट सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. शाळेचे गणवेश शिवतो. मी ऑफिसात असतो. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), कुरिअर आणि वेळ पडली तर पाहुण्यांचा चहासुद्धा माझ्याकडेच.

दर सीझनला नवीन मुलं-मुली येतात आणि बरीचशी महिना भरायच्या आत गायब होतात. काही तर झालेल्या दिवसांचा पगार घ्यायलाही फिरकत नाहीत. मालकांचं उत्तर ठरलेलं, ‘हल्लीच्या पोरांना काम नको, मोबाइल पाहिजे.’ मला ते पटत नाही.

आमच्याकडे नवीन माणूस येतो तेव्हा काय होतं ते सांगतो. तो सकाळी माझ्या टेबलाशी येतो. मी आधार, पासबुक, दोन फोटो घेतो, चार ठिकाणी सह्या घेतो आणि सुपरवायझरला हाक मारतो. सुपरवायझर आधीच वैतागलेला. तो त्याला एका मशीनशेजारी नेऊन उभा करतो, ‘हिच्याकडं बघ आन् शिक’ म्हणतो आणि निघून जातो. झालं आमचं ट्रेनिंग. सुट्टी किती वाजता, रेट काय, मशीन अडलं तर हाक कोणाला मारायची, यातलं काही कोणी सांगत नाही. मुली तर बाथरूम कुठंय हे विचारायलाही लाजतात आणि दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत.

तुमच्याकडे काय पद्धत आहे? कशाने फरक पडला? छापील पुस्तिका आणि मालकांचं स्वागतपर भाषण सोडून सांगा. दोन्ही करून झालंय. भाषण चालू असताना लाइट गेली होती, हाच काय तो लोकांच्या लक्षात राहिलेला भाग.

कडक_भाकरी
पगार न घेता पळतात म्हणजे मालकाचा फायदाच की बे. स्कीम चालू ठेवा म्हणावं.

हिंजवडीतला_सोलापूरकर
दप्तरी, आमच्याकडेही हेच आहे, फक्त एसीत.

मी सध्याच्या कंपनीत लागलो तेव्हा पहिल्या दिवशी केक कापला, कंपनीची ‘मूल्यं’ स्लाइडवर दाखवली, बाटली आणि टी-शर्ट दिला. लॅपटॉप मात्र नव्हता. तो आला तेव्हा पासवर्ड नव्हता. पासवर्ड मिळाला तेव्हा ज्या प्रोजेक्टवर घेतलं होतं तो प्रोजेक्टच दुसऱ्या टीमकडे गेलेला. मला ‘बडी’ म्हणून, म्हणजे सुरुवातीला शिकवायला-सांगायला, जो दिला होता तो लग्नाच्या रजेवर. रोज सकाळी जाऊन बसायचं, कँटीनचा मेनू पाठ करायचा आणि शुक्रवारी सुटीचे पैसे वसूल झाल्यासारखं तोंड करून सोलापूरची गाडी पकडायची.

यात मजा अशी की तोपर्यंत माझ्या मॅनेजरला मी आलोय हेच माहीत नव्हतं. एचआरच्या यादीत माझ्यापुढे ‘ऑनबोर्डिंग पूर्ण’ अशी हिरवी खूण मात्र होती.

शेंगाचटणी_फॅन
नवीन माणूस म्हणजे सासरी आलेली नवी सून. घर आपलं म्हणायचं आणि मीठ कुठंय ते मात्र कोणी सांगायचं नाही.

पदर_खोचून
@शेंगाचटणी_फॅन, सुनेला निदान चार लोक जाऊन मागणी घालून आणतात.

होटगीरोड
मालकाची बाजू कोणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितोय. माझं टॉवेलचं छोटं युनिट आहे. जवळच्या लोकांना मी कोण ते कळेलच, कळू दे.

नवीन पोरगा मागावर उभा केला की पहिला महिना तो कमवत काहीच नाही. ताण्याचा धागा तुटला तर त्याला दिसत नाही. दिसतो तोवर हातभर कापड खराब झालेलं असतं. ते सेकंडमध्ये, म्हणजे कमी भावाच्या मालात जातं. सूत माझं, वीजबिल माझं, पगार मी देतोय. दोन महिन्यांनी हात बसला की शेजारच्या शेडवाला चार पैसे जास्त देऊन त्याला उचलतो. मग मी शिकवायचं कशाला? शेजाऱ्यासाठी?

वर कोणीतरी म्हणेल पगार वाढवा. वाढवतो. शेजारी पण वाढवतो. टॉवेलचा भाव कोण वाढवणार? पानिपतचा माल कुठल्या भावाने येतो ते एकदा बाजारात येऊन बघा.

तळ्याकाठी
होटगीरोड, पण तुम्ही स्वतःच म्हणताय की दोन महिने टिकलेला पोरगा शेजारी जातो. दप्तरींचा प्रश्न महिना भरायच्या आत जाणाऱ्यांचा आहे. ते शेजारी जात नाहीत. ते घरी जातात, नाहीतर पुण्याला. दोन वेगळी दुखणी एकाच गोळीने बरी करू नका.

होटगीरोड
मान्य. पण पैसे दोन्हीकडे माझेच जातात.

पदर_खोचून
मी बारा वर्षं शिलाईवर काम केलंय, आता लाइन सांभाळते. दप्तरी, तुमच्या पोस्टमध्ये जी शेजारची मशीनवाली आहे ना, ‘हिच्याकडं बघ आन् शिक’ मधली ‘ही’, ती मी होते. तिच्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमचा पगार पीसवर. मी कॉलर लावायची. जितक्या कॉलर तितके पैसे. नवीन मुलगी शेजारी आणून बसवली की ती विचारणार, मी थांबणार, तिचं उसवून देणार. संध्याकाळी मोजताना माझ्या कॉलर कमी भरणार. सुपरवायझर म्हणतो ‘शिकव गं जरा’. त्या ‘जरा’चे पैसे कोण देणार? कोणी देत नाही. म्हणून आम्ही काय करतो, त्या मुलीला धागे कापायला बसवतो. दिवसभर कात्री घेऊन धागे काप, बंडल बांध, पाणी आण. ती पण गप्प, आम्ही पण गप्प. आठ दिवसांनी तिला मशीन येत नाही म्हणून सुपरवायझर ओरडतो. मग ती येत नाही. तुमच्या मालकांना वाटतं मोबाइलमुळे गेली.

दुसरी गोष्ट. आमच्याकडे सुई मोडली तर तिचे सगळे तुकडे शोधून रजिस्टरमध्ये चिकटपट्टीने लावायचे, सही करायची, मगच नवीन सुई मिळते. लहान मुलांचे कपडे असतात, टोक कापडात राहिलं तर काय होईल सांगायला नको. नियम चांगलाच आहे. पण एका नवीन मुलीला तो कोणी सांगितलाच नव्हता. तिची सुई मोडली. तिला वाटलं पैसे कापतील. तिने हाताला लागला तो तुकडा चपलेखाली सरकवला आणि शेजारच्या रिकाम्या मशीनची सुई काढून आपल्याला लावली. बघा, सुई बदलायला ती बघूनबघून शिकली होती! दुपारी ते उघडकीला आलं. टोक सापडेना. सकाळपासूनचं सगळं बंडल सोडलं, एकेक शर्ट धातू शोधणाऱ्या डिटेक्टरखालून काढला. लाइन बंद. सगळ्यांचे पीस बुडाले, सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ती दुसऱ्या दिवशी आली नाही, आणि तिच्या गावच्या ज्या दोघी होत्या त्याही आल्या नाहीत.

तो नियम सांगायला किती वेळ लागला असता?

शेंगाचटणी_फॅन
ताई, दंडवत. धाग्याचं उत्तर इथंच मिळालं.

हिंजवडीतला_सोलापूरकर
+१. आमच्याकडे पीस रेट नाही, पण ‘बडी’चं गणित तंतोतंत हेच. नवीन माणसाला शिकवलं म्हणून कोणाच्या अप्रेझलमध्ये कधी एक ओळ लिहिलेली बघितली नाही. स्वतःचं काम मागे पडलं की मात्र लगेच लिहितात.

गिरणीचा_भोंगा
या विषयावर म्हाताऱ्याचे दोन शब्द. माझे वडील मिलमध्ये होते, मीही शेवटची काही वर्षं पाहिली.

सोलापुरात नवीन कामगाराला शिकवायची पद्धत नव्हती असं नाही. ती कारखान्याच्या बाहेर होती. जुनी मिल १८७७ सालची. तेव्हापासून मिलमध्ये माणूस भरायचा तो जॉबर. तो आपल्या गावचा, आपल्या नात्यातला माणूस आणायचा. त्यासाठी दस्तुरी (नोकरी लावल्याचे पैसे) घ्यायचा, छळायचाही. इंग्रजांनी कामगारांच्या स्थितीवर नेमलेल्या व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालात जॉबरांच्या या लाचखोरीवर सडकून टीका आहे. ती योग्यच. पण आणलेला माणूस बिघडला तर जॉबरचं नाव जायचं, म्हणून तो त्याला भाऊबंदांच्या मागावर उभा करून शिकवून घ्यायचा.

मिलच्या बाहेर बघाल तर तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर समाजात घरातच माग. पोरगं रांगता रांगता कांडी (सूत गुंडाळलेली नळी) उचलायचं. आई कांड्या भरतेय, बाप मागावर, आजोबा तुटलेला धागा जोडतायत. त्याला शिकवलं कोणी? कोणीच नाही आणि सगळ्यांनी. शेडच्या मालकाला असा तयार माणूस आयता मिळत गेला. दोन-तीन पिढ्या मिळत गेला. त्यामुळे सोलापूरच्या कारखानदाराला शिकवण्यावर पैसा खर्च करायची सवयच लागली नाही. आता मागवाल्यांची मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला गेली (हिंजवडीकर, तुम्ही त्यातलेच असाल), आणि शेडमध्ये येतो तो मोहोळ-मंगळवेढ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा. त्याने आयुष्यात माग पाहिलेला नाही. त्याच्यासमोर आपण अजून तेच म्हणतो, बघ आणि शिक.

होटगीरोड, राग मानू नका. तुमच्या वडिलांना हा खर्च नव्हता, कारण तो कामगाराच्या घरात होत होता. आता तो तुमच्या दारात आलाय.

होटगीरोड
राग नाही काका. वडील असेच म्हणतात, फक्त शिव्या जास्त देतात.

सातरस्ता
जुन्या मिलचा विषय निघालाच आहे तर विचारतो, हल्ली हायवेवर ‘सोलापुरी चादर’ म्हणून जे विकतात ते सोलापूरचं असतं का? जीआय (त्या गावच्या मालालाच ते नाव वापरायचा हक्क) मिळालेला असताना असं कसं चालतं?

कडक_भाकरी
चादर अंगावर घेतली की अंगाला टोचते का? टोचली तर आपली.

शेंगाचटणी_फॅन
काहीही! नवीन असताना टोचते, धुतली की मऊ होते. आमच्या आजीची चादर अजून वापरात आहे, वरचा मोर फिका झालाय एवढंच.

सातरस्ता
पॉलिएस्टरवर छापलेली पण बघितली मी, वर छापलेलं की ‘जॅकार्ड’, म्हणजे नक्षी मागावर विणलेली.

तळ्याकाठी
चादरीसाठी वेगळा धागा काढा. (धागा, चादर... असो.)

शिल्पनिदेशक
आयटीआयमध्ये शिकवतो, त्यामुळे राहवत नाही.

‘बघ आणि शिक’ चालत नाही हे जगाला फार आधी कळलं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यातले पुरुष सैन्यात गेले आणि कधी यंत्र न पाहिलेल्या बायका-माणसांना कामावर घ्यावं लागलं. तेव्हा तिथे टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा सरकारी कार्यक्रम चालला. त्यात नवीन माणसांना नाही, सुपरवायझरांना शिकवायचे: दुसऱ्याला काम कसं शिकवावं. पायऱ्या चारच. आधी माणसाची भीती घालवा आणि त्याला काय येतं ते विचारा. मग काम तुकडे पाडून दाखवा, प्रत्येक तुकड्यात हुकण्याची जागा कोणती ते सांगा. मग त्याच्याकडून करून घ्या, करता करता बोलायला लावा. मग एकटं सोडा, पण अडला तर कोणाकडे जायचं ते सांगून आणि मधूनमधून चक्कर मारून. युद्धानंतर हेच जपानने उचललं, टोयोटाच्या पद्धतीत त्याची मुळं आहेत.

आणखी एक. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये साठच्या दशकात एक प्रयोग झाला, १९६६ च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये तो छापून आला. तिथे जुने लोक नवीन मुलींना मुद्दाम घाबरवायचे, सुपरवायझर कसा खाष्ट आहे वगैरे. प्रयोगात काही नवीन मुलींना पहिला दिवस लाइनवर पाठवलंच नाही. बसवून सांगितलं, बहुतेक सगळ्यांना हे काम जमतं, तुम्हालाही जमेल. जुन्यांच्या घाबरवण्याकडे लक्ष देऊ नका. अडलं तर तुम्ही होऊन विचारा, सुपरवायझरलाही नवीन माणसांशी बोलायला अवघड जातं. आणि तुमचा सुपरवायझर माणूस म्हणून असा असा आहे. बस. शिकायला लागणारा वेळ जवळपास निम्म्यावर आला, खराब माल पाचव्या हिश्श्यावर. यंत्र तेच, पगार तोच.

माझ्या वर्गातून गेलेली मुलं परत येऊन सांगतात ना, ती कधी ‘काम अवघड होतं’ म्हणत नाहीत. ‘सर, तिथं कोणी बोलतच नव्हतं’ म्हणतात.

कडक_भाकरी
सर, टेक्सासात गड्डा, आपली सिद्धेश्वराची जत्रा, भरतो का? आमच्या मित्राला एका ठिकाणी बरोबर संक्रांतीच्या आठवड्यात रुजू करून घेतलं. निम्मा कारखाना गड्ड्याला, उरलेला नंदीध्वजाच्या मिरवणुकीला. ह्याला शिकवायला वॉचमन तेवढा होता. त्यानं त्याला गेट उघडायला शिकवलं. अजून सफाईदार उघडतंय बरं का.

दप्तरी
हसलो, पण मुद्दा खरा आहे. आम्ही भरती कधी करतो? एप्रिलमध्ये. का? जूनच्या मध्यात शाळा उघडतात, माल त्याआधी जायला हवा. म्हणजे ज्या दिवसांत कोणाला मान वर करायला फुरसत नसते, नेमकी तेव्हाच आम्ही नवीन माणसं आत घेतो आणि ‘शिकवा’ म्हणतो. ऑगस्टमध्ये लाइन थंड असते तेव्हा एकही माणूस घेत नाही.

होटगीरोड
ऑगस्टमध्ये घेतलेल्याला एप्रिलपर्यंत पगार तुम्ही देणार का मी?

पाटी_पेन्सिल
सरकारी बाजू पण ऐका. मी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एका कार्यालयात होते. पदवीधर म्हणून महिना १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. चांगल्या हेतूची योजना. पण ज्या कार्यालयात पाठवलं त्यांना आम्ही येणार हे आल्यावर कळलं. खुर्ची नव्हती. पहिले काही दिवस मी अभिलेख कक्षात गठ्ठ्यावर बसले. नंतर एका भाऊसाहेबांना दया आली, त्यांनी आवक-जावक लिहायला दिलं. माझं अक्षर बरं निघालं. मग मुदत संपेपर्यंत आवक-जावक. इतर कोणत्याही टेबलाचं काम मला आजही येत नाही.

पण त्या भाऊसाहेबांबद्दल सांगायचंच आहे. आवक-जावक देताना त्यांनी मला एक पत्र हातात दिलं आणि ते कुठून आलं, कुठल्या टेबलावर जाणार, तिथे किती दिवस झोपणार (त्यांचाच शब्द) आणि शेवटी साहेबांकडे कसं पोचणार हे सगळं त्या त्या टेबलापाशी मला नेऊन दाखवलं. प्रत्येक ठिकाणी माझं नाव सांगून ओळख करून दिली. त्या एका फेरीनंतर लोक मला नावाने हाक मारायला लागले.

रात्रपाळी
नर्स आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही. पहिल्या नोकरीत दुसऱ्याच रात्री मला वॉर्डात एकटीला ठेवलं होतं. पेशंटचा श्वास अडकला आणि मला ऑक्सिजनचं जादा सिलिंडर कुठे ठेवतात ते माहीत नव्हतं. कॉलेजात सगळं शिकले होते, पण त्या इमारतीत ते सिलिंडर कुठल्या दाराआड असतं ते कॉलेज शिकवत नाही. पेशंटच्या मुलाने शोधून आणलं, तो चार दिवस तिथेच राहत होता म्हणून.

आत्ता जिथे आहे तिथे नियम आहे, नवीन सिस्टरला सुरुवातीला एकटी ड्युटी नाही म्हणजे नाही, कितीही स्टाफ कमी असो. आणि इमर्जन्सी ट्रॉली तिने स्वतः उघडून, मोजून, लावून दाखवायची. दाखवली की मग रजिस्टरवर दोघींची सही, शिकवणारीची पण. नंतर काही चुकलं तर शिकवणारीलाही विचारतात. त्यामुळे ती मनापासून शिकवते.

पदर_खोचून
रात्रपाळी, दोघींची सही आवडली. सुईच्या रजिस्टरला पण हे करता येईल.

एचआरताई
इथे कागदपत्रांची फार टिंगल चाललीय म्हणून लिहिते. हिंजवडीकर, हिरव्या खुणा आम्ही हौस म्हणून करत नाही.

ईएसआय घ्या. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात २१,००० पर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाची नोंद व्हायला हवी. आजारपणाच्या रजेचे पैसे मिळायला आधी ठरावीक दिवसांची वर्गणी लागते, पण कामावर अपघात झाला तर संरक्षण पहिल्या दिवसापासून असतं. आता पदर_खोचून ताईंच्या शेडमध्ये एखाद्या नवीन मुलीच्या बोटात सुई गेली आणि ‘टिकली तर बघू’ म्हणून तिची नोंदच केलेली नसेल तर? हे ‘टिकली तर बघू’ आपल्या एमआयडीसीत किती चालतं ते मला सांगायला लावू नका.

पीएफचंही तसंच. मुलगा आधी पुण्यात कुठे लागला होता, त्याचा यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आहे. घाईत कोणी विचारत नाही, दुसरा नंबर काढतात, आणि पुढे पैसे काढायच्या वेळी तो बिचारा दोन खाती एकत्र करत फिरतो. आणि नियुक्तीपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन श्रम संहिता लागू झाल्यात, आता प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायचंच आहे. त्यात पगार किती, काम काय हे लिहावं लागतं. अर्ध्या पळापळीचं कारण हेच असतं की तोंडी एक रेट सांगितला आणि हातात दुसरा पडला.

हिंजवडीतला_सोलापूरकर
एचआरताई, कागद नकोत असं कोणी म्हणत नाहीये. कागद झाले म्हणजे माणूस रुळला असं जे धरलं जातं त्याची टिंगल आहे.

एचआरताई
ते तुमच्या मॅनेजरचं काम होतं. आम्ही त्याला तीन मेल पाठवले असतील, बघा शोधून.

हिंजवडीतला_सोलापूरकर
मेल पाठवला म्हणजे झालं, हेच तर!

कडक_भाकरी
लागली जुंपली. कोणीतरी चहा सांगा बे. एचआरकडं फॉर्म भरून.

गिरणीचा_भोंगा
ताईंचा रेटचा मुद्दा हलका घेऊ नका. मिलमध्ये रेटची पाटी खात्यात लावलेली असायची. ज्याला वाचता येत नव्हतं तो दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. आता शेडमध्ये रेट सुपरवायझरच्या तोंडात असतो.

अनामिक_शिकाऊ
वाचनमात्र होतो, आज लिहितो. मी असाच पळालेला आहे. इथलाच कारखाना, नाव नको.

काम अवघड नव्हतं. खात्यात सगळे आपसांत तेलुगूत बोलायचे, मला येत नाही. त्यात वाईट काही नाही, त्यांची भाषा आहे. पण हसले की मला वाटायचं मलाच हसतायत. जेवायच्या सुट्टीत सगळ्यांचे घोळके ठरलेले. मी पहिल्या दिवशी डबा घेऊन जिन्यात बसलो, दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवसापासून डबा नेलाच नाही, दुपारी गेटबाहेर वडापाव खायचो. एक दिवस वडापाव खाऊन परत आत गेलो नाही. एवढंच.

कोणी त्रास दिला नाही, कोणी शिवी दिली नाही. आता दुसरीकडे आहे, तिथला जॉबर पहिल्याच दिवशी ‘चल जेवायला’ म्हणाला. तोही तेलुगूच बोलतो.

शिल्पनिदेशक
शाब्बास, लिहिलंस ते बरं केलंस.

होटगीरोड
ह्या पोराचं वाचून जरा वेळ गप्प बसलो. पण धंद्याचं बोलतो. पदर_खोचून ताई, तुमच्या शिकवण्याचे पैसे द्यायचे ठरवले तर किती द्यावे लागतील? खरा आकडा सांगा, उपकाराचा नको.

पदर_खोचून
सरळ आहे. शिकवणारीला त्या दिवसांत पीसवर धरूच नका. तिची रोजची सरासरी जितकी पडते तितका रोज ठरवून द्या. कॉलर कमी झाल्या तरी तिचं नुकसान नाही. वर नवीन मुलगी टिकली आणि ठरलेल्या क्वालिटीचं काम द्यायला लागली तर शिकवणारीला बक्षीस. पण बक्षीस टिकल्यावर. आधी दिलं तर आमच्यातल्याच काही जणी महिन्याला नवीन मुलगी पकडून आणतील, मी ओळखते सगळ्यांना.

आणि शिकवायला सगळ्यात फास्ट बाईला बसवू नका. तिचे हात पळतात, ते दिसत नाहीत. मधली बघा, जी बोलते.

शिल्पनिदेशक
शेवटचं वाक्य लाखाचं. वेगाने काम करणाऱ्याला आपण काय करतो हे बऱ्याचदा सांगता येत नाही, त्याच्या हातालाच माहीत असतं.

दप्तरी
सगळ्यांचे आभार. आज मालकांशी बोललो. प्रतिसादांची प्रिंट काढून ठेवली होती टेबलावर (कडक_भाकरींचे वगळून). मालकांनी सुईचा किस्सा दोनदा वाचला.

भरती मार्चच्या सुरुवातीला आणायला तयार झालेत, ऑगस्टला नाही. रेटची पाटी लागेल. नवीन मुलीला पहिल्या सकाळी मी ऑफिसातून थेट लाइनवर न पाठवता पाणी, बाथरूम, सुईचं रजिस्टर, जेवायची जागा दाखवून आणायची, आणि जेवायला कोणाबरोबर बसणार ते नाव ठरवून ठेवायचं, असं ठरलंय. ईएसआयची नोंद त्याच दिवशी. एचआरताई, आमच्याकडेही ‘टिकली तर बघू’ होतं, ते बंद.

शिकवणारीच्या पैशांवर गाडी अडली. रोज ठरवून द्यायला हरकत नाही म्हणाले, पण सरासरी कुठल्या महिन्यांची धरायची? मालक म्हणतात वर्षाची. वर्षाच्या सरासरीत थंड महिने येतात, आकडा खाली येतो.

पदर_खोचून
वर्षाची अजिबात नको. मार्च-एप्रिलमध्ये शिकवणार ना? मग त्या महिन्यांत तिला जे मिळालं असतं ते द्या. गेल्या सीझनचं पगारपत्रक तुमच्याकडेच आहे.

होटगीरोड
सीझनची धरली तर ओव्हरटाइम पण आत येतो ताई. तो वजा करा, मग मी पण करून बघतो.

पदर_खोचून
ओव्हरटाइम वजा, मान्य. बक्षिसाचं काय?

होटगीरोड
टिकू तर दे आधी.